वजनाचं इंजेक्शन घेताना काट्याबरोबर स्नायूंकडेही पाहा

'वजनाचं इंजेक्शन' हे शब्द हल्ली दवाखान्यात रोज कानावर पडतात. मधुमेहाच्या रुग्णांना या औषधांची थोडीफार माहिती आधीपासून होतीच. आता चाळिशीतल्या शिक्षिका, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारे तरुण, लग्न ठरलेल्या मुली आणि त्यांच्या आयासुद्धा विचारू लागल्या आहेत. जरूर विचारा. लठ्ठपणा हा आजार आहे आणि त्यावर औषध मागणाऱ्याने मान खाली घालायचं काही कारण नाही. वर्षानुवर्षं डाएट करून हरलेल्या, गुडघे आणि साखर दोन्ही बिघडलेल्या माणसाला या औषधांनी खरोखर दिलासा मिळतो, हे मी डोळ्यांनी पाहतो आहे.

काळजी वेगळीच आहे. मार्च 2025 मध्ये टिरझेपटाइड (मौनजारो) भारतात आलं, त्याच वर्षी जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) आलं. तेव्हा सुरुवातीच्या डोसचाच महिन्याचा खर्च चौदा-सतरा हजारांच्या घरात असल्यामुळे घेणारे मोजके होते. मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडचं पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त इंजेक्शनं येण्याचा मार्ग मोकळा झाला. गरजू रुग्णांसाठी ही फार चांगली गोष्ट झाली. पण औषध परवडायला लागलं की तपासणी, डोस आणि पाठपुरावा या गोष्टी मागे पडतात. "वहिनीला दिलंय, तेच मी घेतलं तर चालेल का?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. नाही चालणार. का, ते सविस्तर सांगतो.

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक स्रवतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला 'पोट भरलं' असा निरोप देतं. शरीरातलं हे संप्रेरक दोन-चार मिनिटांत नाहीसं होतं. सेमाग्लुटाइड त्याच्यासारखंच काम करतं, पण आठवडाभर टिकतं. टिरझेपटाइड जीएलपी-1 सोबत जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं. टिरझेपटाइडच्या चाचणीत सर्वांत मोठ्या डोसवर 72 आठवड्यांत ते जवळपास 21 टक्के होतं. दोन्हीकडे खाण्यापिण्याचा सल्ला आणि व्यायाम सोबत होता, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

वजन कमी करण्यासाठी हे औषध कुणाला द्यायचं? बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 30 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा निदान 27 असून मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असा जोडीचा आजार असेल, तर. उंची 160 सेंटिमीटर असेल तर 30 बीएमआय म्हणजे साधारण 77 किलो आणि 27 म्हणजे 69 किलो. लग्नाच्या शालूत बारीक दिसायला चार-पाच किलो उतरवायचे असतील, तर हे औषध त्यासाठी नाही.

आता आपल्या लोकांबद्दलची महत्त्वाची गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या शरीररचनेवर अनेक वर्षं काम केलं आहे. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभे असलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्यापैकी अनेकांची घडण असते. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयबरोबर कंबरही मोजतात. पुरुषांची 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या आत असावी.

याचा इंजेक्शनशी थेट संबंध आहे. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा एकटी चरबी जात नाही, तिच्यासोबत स्नायूही जातात. वेगवेगळ्या चाचण्यांत उतरलेल्या वजनाच्या पाव हिश्शापासून ते चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग चरबीखेरीजचा, म्हणजे स्नायू वगैरेंचा, आढळला आहे. ज्याच्याकडे मुळात स्नायू भरपूर आहेत त्याला हे पेलतं. आपल्याकडे शिल्लकच थोडी असते.

साठी ओलांडलेल्या एका बाईंचं सांगतो. शाळेतून निवृत्त झालेल्या, मधुमेह होता, वजन खूप होतं. औषध त्यांना योग्यच होतं. सहा-सात महिन्यांत बरंच वजन उतरलं, साखर आटोक्यात आली, नातेवाईक कौतुक करू लागले. मग घरी सत्यनारायण झाला. बाई पाटावर बसल्या आणि पूजा झाल्यावर उठताच येईना. एका बाजूने सून, दुसऱ्या बाजूने मुलगा, तेव्हा कुठे उभ्या राहिल्या. गुडघे दुखत नव्हते, मांड्यांत जोरच उरला नव्हता. दिवसभरात काय खाता असं विचारलं, तर सकाळी चहा-बिस्किट, दुपारी अर्धी पोळी आणि चमचाभर भाजी, रात्री ताक-भात. भूकच लागत नाही म्हणाल्या. भूक लागणार नव्हतीच, औषध तेच काम करत होतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. या औषधावर असताना खाण्याकडे पूर्वीपेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. पोटात जागा थोडी असेल तर ती आधी प्रथिनांना द्या. दर किलो वजनामागे दिवसाला निदान 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे 70 किलोच्या व्यक्तीला 70 ते 85 ग्रॅम. आपलं शाकाहारी जेवण मोजून पाहा. दोन पोळ्यांत सहा ग्रॅमच्या आसपास, वाटीभर वरणात पाच-सहा, वाटीभर दह्यात चार. पूर्ण ताट जेवलात तरी वीसच्या आसपास जाता. त्याच्या अर्धंच जेवलात तर दिवसाची बेरीज तिशीही गाठत नाही.

तेव्हा पानात आधी काय घ्यायचं, तो क्रम बदला. पहिले घास घट्ट वरणाचे, उसळीचे, पनीरचे, अंड्याचे किंवा मासळीचे घ्या. पोळी-भात नंतर, जागा उरली तर. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, शंभर ग्रॅम चिकनमध्ये पंचवीसच्या वर, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत जवळपास तितकीच प्रथिनं मिळतात. नाश्त्याला नुसते पोहे खाण्यापेक्षा मुगाचं धिरडं किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ बरी. जे मासे खातात त्यांना तर कोकणात सोपंच आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

दुसरी गोष्ट जोर लावायच्या व्यायामाची. रोजचं फिरणं हृदयाला उत्तम आहे, पण त्याने मांड्यांचे स्नायू टिकत नाहीत. आठवड्यातून किमान दोनदा, जमल्यास तीनदा, स्नायूंना ओझं द्या. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, जिना चढणं, एवढ्यानेही सुरुवात होते. घरच्या घरी एक चाचणी करून पाहा. हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून लागोपाठ पाच वेळा उठा-बसा आणि कुणाला तरी घड्याळ धरायला सांगा. आशियाई तज्ज्ञांच्या निकषानुसार 12 सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी पडते आहे असं समजावं. दर महिन्याला वजनाशेजारी हा आकडाही वहीत लिहा. त्या बाईंचा डोस मी वाढवला नाही, ताट बदललं आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. काही महिन्यांनी त्या स्वतःच्या पायांवर उठू लागल्या. वजन उतरणं थोडं मंदावलं, ते मला चाललं.

डोसबद्दल सगळ्यात जास्त गडबड होते. सेमाग्लुटाइड आठवड्याला 0.25 मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि निदान चार-चार आठवड्यांनी 0.5, 1, 1.7 आणि 2.4 अशा पायऱ्यांनी वर जातं. टिरझेपटाइड 2.5 पासून सुरू करून पुढे 5 आणि गरज पडली तर टप्प्याटप्प्याने 15 पर्यंत. पहिल्या महिन्याचा डोस शरीराला सवय व्हावी म्हणून असतो, त्यात वजन हललं नाही तरी हिरमुसू नका. पायरी गाळू नका. कमी डोसवर वजन उतरत असेल तर वर जायची घाईही नको. औषध चालू ठेवायचं तर सर्वांत मोठा डोस गाठलाच पाहिजे, असं काही नसतं.

इंजेक्शनचं एकच पेन नवरा-बायकोत वाटून घेण्याचा प्रकार मी ऐकतो. सुई बदलली तरी पेनमध्ये रक्ताचा अंश मागे जाऊ शकतो आणि त्यातून कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही पसरू शकतात. पेन एका माणसाचं, हा नियम घरातही लागू आहे. एकदाच वापरायच्या कुपीतलं औषध इन्सुलिनच्या सिरिंजने ओढून दोन-तीन वेळा पुरवणं, पेनच्या टिकटिक मोजून मनाने डोस बनवणं, हेही नको. सिरिंजवरचे 'युनिट' आणि औषधाचे 'मिलिग्रॅम' यांत घोळ होऊन काही पट जास्त औषध गेल्याची आणि माणसं उलट्यांनी रुग्णालयात दाखल झाल्याची प्रकरणं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2024 साली जाहीर केली आहेत.

पहिलं इंजेक्शन दवाखान्यात, नर्सच्या देखत घ्या. प्रत्येक पेनची रीत थोडी निराळी असते. पोटावर नाभीपासून चार बोटं सोडून, किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला घ्यायचं आणि दर आठवड्याला जागा बदलायची. औषध पाण्यासारखं स्वच्छ असावं, गढूळ दिसलं तर परत करा. डोस फिरवून घ्यायच्या पेनमध्ये बटण दाबल्यावर आकडा शून्यावर आला की लगेच सुई ओढू नका, सावकाश सहापर्यंत मोजा. दर वेळी नवी सुई लावा आणि वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका. ओल्या-सुक्या कचऱ्यात गेलेली सुई कुण्या सफाई कामगाराच्या हातात घुसते. डबा भरला की जवळच्या दवाखान्यात किंवा रुग्णालयात विचारून तिथे द्या.

वार चुकला तर? सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत आणि टिरझेपटाइड चार दिवसांच्या आत आठवलं, तर घेऊन टाका. त्याहून उशीर झाला तर तो डोस सोडा आणि पुढच्या ठरलेल्या वारी घ्या. दुप्पट कधीही नाही. लागोपाठ दोन-तीन आठवडे चुकले तर आधी डॉक्टरांना फोन करा, कारण पुन्हा खालच्या पायरीवरून सुरुवात करावी लागू शकते.

न वापरलेलं पेन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. एकदा गोठलेलं औषध टाकूनच द्यावं लागतं. वापरात आलेलं पेन किती दिवस आणि किती तापमानाला चालतं, हे प्रत्येक कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं असतं. बहुतेकांची मर्यादा 30 अंशांची आहे. नागपूर-चंद्रपूर-जळगावच्या मे महिन्यात घरातली खोलीही त्याच्या वर जाते. गावी जाताना बर्फाच्या जेलची पिशवी घ्या, पेन टॉवेलात गुंडाळून ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच ठेवू नका. खरेदी ओळखीच्या औषध दुकानातून, चिठ्ठी दाखवून आणि पक्कं बिल घेऊन करा, बॅच नंबर बिलाशी ताडून पाहा. सेमाग्लुटाइडच्या बनावट पेनबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्ये जगभर इशारा दिला होता. व्हॉट्सअॅपवरून किंवा ब्यूटी पार्लरमधून मिळणाऱ्या औषधाची शहानिशा कुणीच करू शकत नाही.

मळमळ, पोट जड वाटणं, बद्धकोष्ठ किंवा जुलाब हे त्रास सुरुवातीला आणि डोस वाढल्यावर पुष्कळांना होतात. जठर सावकाश रिकामं होत असल्यामुळे तळलेलं, तुपकट आणि भरपेट खाल्लेलं बाहेर यायला बघतं. मिसळीची तर्री, भजी, लग्नातली जिलबी-मठ्ठ्याची पंगत, इथे हमखास त्रास होतो. आपल्याकडे आग्रहाचं प्रेम फार. पानात टाकू नये हा संस्कारही पक्का. म्हणून मुळात कमी वाढून घ्या, पोट भरल्यासारखं वाटलं की थांबा आणि यजमानांना स्पष्ट सांगा की औषध चालू आहे. पाणी घोटाघोटाने दिवसभर पीत राहा.

आता मी सर्वांत जास्त कळवळून सांगतो ती गोष्ट. पोट दुखलं, उलटी झाली की आपण म्हणतो पित्त झालंय, आणि एक गोळी घेऊन झोपून जातो. या औषधावर असताना तसं करू नका. पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ येऊन ती पाठीत जात असेल, थांबत नसेल, सोबत उलट्या असतील, तर तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. तो क्वचित होतो, पण जिवावर बेतू शकतो. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे होणं ही पित्ताशयातल्या खड्यांची लक्षणं आहेत, आणि झपाट्याने वजन उतरताना खडे होण्याचा धोका वाढतो. उलट्या-जुलाब होऊन लघवी कमी झाली तर मूत्रपिंडावर ताण येतो. एका डोळ्याने अचानक कमी दिसू लागणं अतिशय दुर्मीळ आहे, पण युरोपच्या औषध नियामकांनी 2025 साली सेमाग्लुटाइडबाबत त्याची नोंद घेतली आहे. यांपैकी काहीही झालं तर पुढचं इंजेक्शन थांबवा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जा. तिथे पहिल्याच वाक्यात सांगा की मी हे इंजेक्शन घेतो.

मधुमेहाच्या रुग्णांनी सोबतची औषधं तपासून घेतलीच पाहिजेत. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांचे डोस कमी करावे लागतात, नाहीतर साखर धोकादायक खाली जाते. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणं दिसली तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून घ्या आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजा. विल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांसारख्या गोळ्यांचा या इंजेक्शनबरोबर वेगळा फायदा नसतो, त्या बंद करायच्या का ते विचारा. वजन उतरलं की रक्तदाबाच्या गोळ्याही जास्त होऊ शकतात, उठताना चक्कर आली तर दाब मोजा. रेटिनाचा त्रास असलेल्यांनी सुरुवातीआधी डोळे तपासून घ्यावेत, कारण साखर एकदम खाली आली की तो काही काळ वाढू शकतो.

चातुर्मास, नवरात्र, आषाढी एकादशी यांचे उपवास धरणाऱ्यांनी माझ्यावर रागावू नये. साबुदाणा, वरी आणि बटाटा यांत प्रथिनं नगण्य, आणि निर्जळी केलीत तर मूत्रपिंडाला त्रास. उपवास करायचाच असेल तर दूध, दही, पनीर, दाणे आणि पाणी भरपूर घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

तरुण स्त्रियांसाठी दोन गोष्टी. पीसीओएसमध्ये वजन उतरलं की पाळी आणि बीजोत्सर्ग पूर्ववत होऊ लागतात, आणि ज्यांना दिवस राहणं अवघड वाटत होतं त्यांना अचानक दिवस राहतात. गरोदरपणात हे औषध नको. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायचं असतं. टिरझेपटाइडमुळे तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून सुरुवातीनंतर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधनही वापरावं. अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असेल, किंवा स्वतःला पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झालेला असेल, तर सुरुवातीलाच सांगा, विचारण्याची वाट पाहू नका. कुठलीही शस्त्रक्रिया, एंडोस्कोपी किंवा भूल देऊन होणारं दाताचं काम ठरलं तर भूलतज्ज्ञांना आधीच कळवा. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं आणि ते भुलेत श्वासनलिकेत जाऊ शकतं. इंजेक्शन थांबवायचं की आदल्या दिवशी नुसतं पातळ घ्यायचं, ते त्यांना ठरवू द्या.

शेवटी सगळेच विचारतात, हे किती दिवस घ्यायचं? सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या काही जणांचं औषध थांबवल्यावर एक वर्ष निरीक्षण केलं गेलं. उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आलं. रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब वाढतो, तसंच हे आहे, यात रुग्णाचा दोष नाही. पण स्नायू गमावून उतरलेलं वजन परत येतं ते मुख्यतः चरबीच्या रूपाने, आणि माणूस आधीपेक्षा अशक्त होतो. म्हणून सुरू करतानाच डॉक्टरांशी बसून वर्ष-दोन वर्षांचा खर्च आणि थांबवायची वेळ आली तर काय, हे बोलून घ्या. सुरुवातीआधी एचबीए1सी, क्रिएटिनिन, लिव्हर, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइडच्या तपासण्या, कंबरेचं माप आणि खुर्चीवरून पाच वेळा उठायला लागणारे सेकंद लिहून ठेवा. तीन महिन्यांनी भेटायला याल तेव्हा ती वही, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक काढे-चूर्णं धरून, आणि वापरात असलेलं पेन सोबत आणा.